डोंगरावरचा पिवळा ढग

आमच्या गावात आता कुणी हेअर ड्रायर लावू देत नाही. माझं सलून आहे, त्यामुळे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? डोंगरावरून आलेल्या आगीनंतर पत्र्याच्या दुकानात मी नवा आरसा लावला, तीन खुर्च्या मांडल्या आणि पहिल्याच दिवशी शाळेतल्या बाईंच्या ओल्या केसांवर ड्रायर धरला. त्या गळ्यातल्या कापडासकट थेट रस्त्यावर. तो घोंघावणारा आवाज आणि मानेवर येणारी गरम हवा, अगदी त्या आगीसारखी. मी वायर गुंडाळली आणि ड्रायर खालच्या खणात टाकून दिला. तेव्हापासून माझी गिऱ्हाइकं डोक्याला टॉवेल बांधून दारात उन्हात बसतात, आणि एकेका डोक्याला मला दुप्पट वेळ लागतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, पण यावर मी कधी चिडले नाही.

गावात प्रत्येक दाराशी एक भरलेली बॅग असते. गाड्यांची तोंडं रस्त्याकडे करूनच लावायची, हे कुणी सांगितलं नाही तरी सगळे पाळतात. आणि धुराचा वास सगळ्यांना येतो. नव्या कोऱ्या चादरीला येतो, पावसात येतो, अंघोळ करताना साबणाला येतो. त्यावर आम्ही एक युक्ती काढली आहे. वास आला की शेजारणीला विचारायचं, "तुला येतोय का गं?" ती "येतोय" म्हणाली की निश्चिंत व्हायचं, कारण मग तो नेहमीचा. एकटीलाच आला तर भ्यायचं. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटेल, पण आमचं चाललंय.

आरोग्य खात्याने आमच्यासाठी एक समुपदेशक बाई पाठवल्या. त्यांना एक खोली दिली, बाहेर 'मानसिक आरोग्य कक्ष' अशी पाटी लावली, आणि त्या पाटीखालून आत जायला कुणाची छाती झाली नाही. बिचाऱ्या एकट्याच बसायच्या. एकदा केस कापायला माझ्याकडे आल्या आणि त्यांनी पाहिलं, की इथे माणसं आरशाकडे बघत घडाघडा बोलतात. समोरासमोर जे तोंडातून निघत नाही, ते आरशातल्या माणसाला सांगता येतं. त्यांनी विचारलं, "मी तिसऱ्या खुर्चीवर बसू का रोज?" मी म्हटलं, "बसा, पण वही-पेन आणायचं नाही, आणि रिकाम्या असाल तेव्हा टॉवेलच्या घड्या घालायच्या." त्यांनी दोन्ही अटी पाळल्या. गाव त्यांना 'ऐकणाऱ्या बाई' म्हणतं. मी त्यांची थट्टा करते, पण त्यांच्यामुळे गावात काही माणसं पुन्हा झोपायला लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझा दादा मात्र त्या खुर्चीत कधी बसला नाही. तो छतावर असायचा.

दादा शाळेची बस चालवायचा. आगीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी जळणाऱ्या झाडांमधून त्याने पोरांनी भरलेली बस खाली आणली. एका पोराला ओरखडा नाही. बसचा एका बाजूचा रंग फुगून सोलून निघाला, काचा तडकल्या, पण बस आली. गावाने दादाला डोक्यावर घेतलं, आणि त्याने त्या दिवसानंतर बसला हात लावला नाही. शाळेने नवी बस घेतली, नवा ड्रायव्हर ठेवला. जुनी बस दादाच्या अंगणात येऊन उभी राहिली. नवं घर बांधून झालं, सपाट छताचं, तेव्हा दादा पाण्याचा पाइप आणि दुर्बीण घेऊन वर गेला तो तिथलाच झाला. जेवण वर, झोप वर. पाऊस आला तर ताडपत्री. गळ्यात शिट्टी अडकवून, डोळ्यांत तेल घालून डोंगराकडे बघत बसायचं.

वहिनीने हे सगळं निमूट सोसलं. ताट वर नेऊन दिलं, अंथरूण नेऊन दिलं. आणि एका गुरुवारी सलूनमध्ये येऊन ती माझ्या खुर्चीत बसली आणि आरशात बघून म्हणाली, "शनिवारी आम्ही निघतोय. माझ्या ताईच्या शहरात. पोरीचं नाव घातलंय तिथल्या शाळेत."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. "दादाला सोडून?"

"मी त्याला सोडून जात नाहीये. मी छताखाली राहायला जातेय." मग तिने आवाज बारीक केला. "तुझी भाची बूट घालून झोपते, ते मी चालवून घेतलं. परवा तिने माझ्याकडे शिट्टी मागितली. म्हणाली, बाबांना झोप आली की मी बघत बसेन. तो खाली आला तर मी इथून हलणार नाही गं. पण तो येत नाही, आणि ती वर निघालीय."

ऐकणाऱ्या बाई टॉवेलची घडी घालायची थांबल्या. मी मात्र ठरवलं, की उद्या सकाळी शिडी चढायची आणि दादाची चांगली हजेरी घ्यायची.

दादाचे केस मी छतावरच कापायचे. तो डोंगराकडे तोंड करून स्टुलावर बसायचा आणि मी मागून कात्री चालवायचे. शुक्रवारी मी त्याच्या गळ्याला कापड बांधलं, उजव्या बाजूने सुरुवात केली आणि तोंडाचा पट्टा सोडला.

"उद्या ती जातेय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

"मान हलवू नको म्हणतेस आणि प्रश्न विचारतेस."

"मान न हलवताही माणसाला लाज वाटू शकते, दादा. सगळ्या गावाची पोरं वाचवलीस आणि स्वतःच्या पोरीला शिट्टी मागायची वेळ आणलीस."

उजवी बाजू झाली. मी डावीकडे सरकणार तोच तो बोलायला लागला, डोंगराकडे बघत, माझी गिऱ्हाइकं आरशाकडे बघून बोलतात तसा.

"त्या दिवशी सकाळी पहिल्या फेरीला निघालो, तेव्हा डोंगरावर काहीतरी पांढरं होतं. घड्याळजीकाका दुकानाच्या दारात उभे होते. मला म्हणाले, काय आहे रे ते, ड्रायव्हर? मी गाडी थांबवलीसुद्धा नाही. म्हटलं, काही नाही काका, धुकं आहे. दरवर्षीचं."

आगीनंतर घड्याळजीकाका कुठे सापडले, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तळघरात, त्यांच्या कामाच्या टेबलापाशी. खाली इतकी घड्याळं टिकटिकत असायची, की बाहेरचं काही ऐकू जायचं नाही.

"मी 'काही नाही' म्हटलं म्हणून ते आत गेले," दादा म्हणाला. "आता कशालाच मला 'काही नाही' म्हणता येत नाही. खाली उतरायचं म्हणजे तेच म्हणायचं ना? की काही नाही, झोपा सगळे."

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. त्या वेळी मात्र मी कात्री दुसऱ्या हातात घेतली. मला त्याचा राग आला नव्हता, त्याची कीव आली नव्हती, मला फक्त त्याच्या मानेवर हात ठेवावासा वाटला आणि मी तो ठेवला. त्याच हाताखाली त्याची मान ताठ झाली.

डोंगराच्या उत्तर उतारावर पाइनच्या झाडांचा एक पट्टा आगीतून वाचला होता. खालून होरपळलेला, वरून हिरवा. वारा सुटला आणि त्या पट्ट्यातून एक लोट उठला. मग दुसरा. मग सगळा उतारच उचलला गेला. करडा नव्हता, काळा नव्हता, पिवळट होता, पण आमच्या गावात लोट बघून रंग विचारायला कोण थांबतंय? दादाने शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नाही. कुणी ओरडलं नाही. गावाची सगळी दारं उघडली आणि प्रत्येक दारातून बॅग बाहेर आली. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं दार ठोठावलं, गॅस बंद झाले, कुत्री कडेवर घेतली गेली, म्हाताऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणलं गेलं. दुकानं तशीच उघडी टाकून माणसं निघाली. मागच्या वेळी आम्ही जीव मुठीत धरून सैरावैरा पळालो होतो. या वेळी सगळं गाव जणू एकच माणूस होऊन चाललं होतं. मनात म्हटलं, आपल्याला काय काय येऊ लागलंय, आणि हे शिकायला आपण काय किंमत मोजलीय.

आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे गाडी नव्हती, ती म्हातारी माणसं दादाच्या अंगणात आली. कुणी बोलावलं नव्हतं. आगीतून आलेली ती एकच गाडी, म्हणून सगळी तिच्यातच चढली आणि आपापल्या जागी बसून राहिली. सगळ्यांत पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, काठी मांडीवर आडवी घेऊन घड्याळजीकाकू. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

दादा शिडी उतरला. गळ्यात माझं कापड, डोक्याची एक बाजू कापलेली, दुसरी कानावर आलेली. वहिनी भाचीला गाडीत बसवत होती. मी दादामागोमाग बसमध्ये चढले, त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. त्याने खिडकीतून वहिनीकडे पाहिलं.

"बॅटरी?"

"दर आठवड्याला चालू करत होते," वहिनी म्हणाली आणि तिच्या गाडीचं दार लावून घेतलं.

घोडं अडलं ते पुलापाशी. गावातून खाली जाणारे दोन रस्ते तिथे एक होतात आणि पूल एका गाडीपुरता. सगळं शहाणपण तिथे संपलं. लाकडांच्या वखारीचा ट्रक बाजूने घुसला आणि वहिनीची गाडी कठडा आणि ट्रक यांच्यात अडकली. आमची बस तिच्या मागेच होती. मागच्या काचेतून भाची आमच्याकडे बघत होती. ट्रकवाला मागे-पुढे करून रस्ता काढू बघत होता, आणि प्रत्येक वेळी वहिनीची गाडी कठड्यावर घासत होती. खाली नदी. मागे तो ढग डोंगर सोडून गावावर आला होता आणि ऊन पिवळं पडलं होतं, अगदी त्या दिवसासारखं. कात्री मी अजून घट्ट धरून होते, कशासाठी ते देव जाणे.

मागून काकूंचा आवाज आला. "येतोय का?"

"येतोय," सगळे म्हणाले. त्याने कुणाचंही समाधान झालं नाही.

दादा बाजूच्या आरशात बघत होता. "राख पडत नाहीये," तो पुटपुटला.

"काय?"

"त्या दिवशी आधी राख पडली होती. आणि पक्षी बघ." पुलाशेजारच्या तारेवर चिमण्या ओळीने बसल्या होत्या आणि पिसं साफ करत होत्या. दादाच्या तोंडावरून मला कळलं, की त्याला काहीतरी समजलंय आणि ते त्याला बोलता येत नाहीये. ट्रकवाल्याने पुन्हा इंजिन रेस केलं. दादाने बसचं दार उघडलं, खाली उतरला आणि पुलाकडे नाही, मागे चालू लागला. ढगाकडे.

"दादा, आत ये," मी म्हटलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो त्या पिवळ्यात शिरला, आधी पाय दिसेनासे झाले, मग गळ्यातलं कापड. मला वाटलं, गेला माझा भाऊ. हे मी जन्मात विसरणार नाही. छतावर असेना का, पण असू दे, असं मी कुणाला तरी विनवत होते.

तो आला. पळत नाही, चालत. डोक्यापासून बुटापर्यंत पिवळा, भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या. सरळ जाऊन ट्रकसमोर उभा राहिला आणि त्याने हात आडवा केला. ट्रकवाल्याने काच खाली केली. आजूबाजूच्या गाड्यांच्याही काचा खाली झाल्या. दादाने तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही.

घड्याळजीकाकू काठी टेकत बसमधून उतरल्या आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "काय आहे रे ते, ड्रायव्हर?"

तोच प्रश्न. शब्दही तेच. मी सकाळीच ते छतावर ऐकले होते.

"काही..." दादा म्हणाला आणि अडला. "पराग आहे, काकू. झाडांचा. आग नाहीये."

"नक्की?"

"नक्की. मी आत जाऊन आलो."

काकूंनी त्याच्या गालावरून बोट फिरवलं. ते डोळ्यांजवळ धरलं, मग नाकाजवळ. पिवळी, पावडरसारखी मऊ पूड. "वास येतोय," त्या म्हणाल्या, "पण तो नेहमीचा." मग त्यांनी ते बोट पदराला नाही पुसलं, तसंच धरून ठेवलं. "त्या दिवशी दवाखान्यात निघाले तेव्हा मीपण खिडकीतून बघितलं होतं. मलाही धुकंच वाटलं. ह्यांना म्हटलं, धुकं आहे, तुम्ही तुमचं काम करा. इतके दिवस मला वाटत होतं, मी एकटीच चुकले."

दादा रस्त्यात, ट्रकच्या चाकाशी, मटकन खाली बसला. काकूंनी काठी टाकली आणि त्याच्या अर्ध्या कापलेल्या डोक्यावर हात ठेवला. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. त्याच्या मागच्याने केलं. मग एकेक करत सगळ्यांनी.

तेवढ्यात ढग आमच्यावर आला. काही आवाज नव्हता. ऊन त्यातून गाळून येत होतं आणि हवेचा कण न् कण दिसत होता. टपांवर, कठड्यावर, बॅगांवर, माणसांच्या केसांवर ती पूड बसत गेली. नदीच्या पाण्यावर पिवळी साय धरली. लोक गाड्यांमधून उतरले आणि नुसते उभे राहिले, कुणी तळहात पसरून, कुणी वर तोंड करून. ज्या डोंगराकडे आम्ही इतके दिवस चोरासारखं बघत होतो, त्याने आमच्यावर हे उधळलं होतं. अर्धा जळून गेलेला डोंगर. त्याच्यात अजून इतकं होतं. ऐकणाऱ्या बाई त्यांच्या गाडीला टेकून हुंदके देत होत्या. मी त्यांच्या हातात टॉवेल दिला, माझ्या खांद्यावर होता तो. म्हटलं, "आरसा नाहीये इथे, तरी बोला." त्या रडता रडता हसल्या.

वनखात्यातली मुलगी नंतर म्हणाली, की होरपळून वाचलेली झाडं कधीकधी असं करतात, हाताशी असेल तेवढं सगळं एकाच मोसमात देऊन टाकतात. असेल. मला तेव्हा कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

दुपारी गाव परतलं. गाड्या पुन्हा रस्त्याकडे तोंड करूनच लागल्या, एका दिवसात कुणी बदलत नाही. दादा घरी गेला नाही, छतावरही नाही. तो माझ्या सलूनमध्ये आला आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसला. एरवी उन्हात टॉवेल बांधून बसणाऱ्या बायका आत येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. काकू होत्या, ऐकणाऱ्या बाई तिसऱ्या खुर्चीत होत्या. मी ओल्या फडक्याने त्याचं डोकं पुसायला घेतलं, तर पुडीचा चिखल झाला आणि केसांना चिकटून बसला.

"पाण्याने नाही जायचं," दादा आरशात बघून म्हणाला. "ड्रायर काढ."

मी सगळ्यांकडे पाहिलं. शाळेतल्या बाईंनी खुर्चीची पाठ धरली. काकूंनी मान हलवली. मी खालच्या खणातून ड्रायर काढला, वायर सोडली, बटण दाबलं. तो आवाज त्या पत्र्याच्या खोलीत घुमला आणि सगळ्यांचे खांदे वर गेले. दादाने खुर्चीचे हात आवळले. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो उठला नाही. पिवळी पूड हवेत उडाली आणि आरशावर, आमच्यावर, टॉवेलच्या घड्यांवर बसली. हळूहळू एकेकाचे खांदे खाली आले. काकूंनी कानांवरचे हात काढले.

दार ढकलून वहिनी आत आली, भाचीचा हात धरून. ड्रायर ऐकून धावत आली असावी, धाप लागली होती. तिने दादाला पाहिलं. खुर्चीत, आत, पत्र्याच्या का होईना, पण छताखाली. मी ड्रायर बंद केला.

"बॅगा?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"उतरवल्या गाडीतून. सगळ्या पिवळ्या झाल्यात, धुवायला लागतील."

दादा आरशातून तिच्याकडे बघत होता. त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या कात्र्यांच्या डब्यात ठेवली. वहिनी पुढे आली, त्याच्या डोक्याकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाली, "डावी बाजू राहिलीय बघ."